वरून अडतीस

(मे महिना, दुपारचा दीड. वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. टिनाचं छत असलेली मागची खोली. शकुंतलाबाई या खोलीत वारल्या, त्याला आज सहावा दिवस. खाटेच्या जागी पीठ पसरून दिवा ठेवला आहे. दिव्यापाशी त्यांची थोरली सून छाया. दारातून नुकतेच आत आलेले दोघे : धाकटा मुलगा रजत, जो गावोगाव छतांना उन्हाची झळ अडवणारं कोटिंग लावून देतो, आणि शेजारचे निवृत्त विज्ञानशिक्षक वासुदेवराव.)

छाया : पंखा नका लावू गुरुजी, दिवा इझते.

वासुदेवराव : अरे हो. सवयीनं हात गेला बटणाकडे. राहू द्या, राहू द्या.

रजत : पाहा सर, हेच मी तुमाले रस्त्यानं सांगत होतो. पंखा बंद, दार लोटलेलं, खिडकीले चादर. अशा खोलीत कोणालेही गरमच होईन ना? त्याच्यात कोटिंगचा काय दोष?

छाया : दोष म्हनलं का मी? खोली तापते, एवढंच म्हनलं.

रजत : पण कोणाले म्हणलं वहिनी? बसाले आलेल्या बायायले! त्या इथून उठल्या का गावभर. काल पानठेल्यावर गोपाल मले चार लोकायत विचारते, "काबे रजत, तुह्या मायची खोली लय तापत होती म्हणते?" वीस घरायवर हे कोटिंग मारलं मी. सारे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले.

छाया : एकवीस. हे घर धरून.

वासुदेवराव : भांडू नका बाप्पा. गेलेल्या जिवाचा दिवा आहे, त्याच्यापुढं आवाज चढवू नये. छायाबाई, तुम्ही मला पहिल्यापासून सांगा. खोली तापते हे तुम्हाला कळलं कधी?

छाया : दिव्यापाशी बसली तवा कयलं. दहा दिवस दिवा इझू द्याचा नाई. रातच्यानं हे बसतात, दिवसा मी. पयल्या दिवशी वाटलं, रडून रडून अंग तापलं असन. दुसऱ्या दिवशी वाटलं, पंखा बंद हाय म्हनून. तिसऱ्या दिवशी तांब्यातलं पानी प्याले घेतलं, तं ते अंघोयीचं पानी झालतं. तवा मी मान वर करून टिनाकडं पाह्यलं. गुरुजी, लग्न होऊन सतरा वर्सं झाली, या खोलीत दुपारची मी कवा बसलीच नोती. सैपाक, धुनं, वावर. दुपारची इथं आईच राहे.

रजत : बाहेर सेहेचाळीस टेम्परेचर आहे. आज वर्ध्यात कोणाची खोली नाई तापत?

छाया : मंग लोकायले काऊन सांगत होते, आमच्या घरची नाई तापत म्हनून?

वासुदेवराव : रजत, मला कशाला आणलंस ते सांग आधी.

रजत : टेम्परेचर मोजाची गन आणली मी. यांच्यासमोर एकदा मारून दाखवा. तुमच्या तोंडचा आकडा असला का वहिनी पण मानतीन अन् गाव पण मानन. सर, मायचे दिवस चालू आहेत, मले धंद्याची काही पडली नाई. पण लोकं म्हणून राह्यले का पोरानं मायले भाजलं. हे मले ऐकवत नाई सर. खरंच ऐकवत नाई.

वासुदेवराव : दे ते यंत्र. चल अंगणात.

छाया : मी दारातच थांबली. दिवा एकला सोडता येत नाई.

रजत : या ओट्यावर उभे राहा सर, इथून सारं टिन दिसते. नेहमीचीच जागा आहे तुमची. दाबा घोडा.

वासुदेवराव : पडला लाल ठिपका. अडतीस.

रजत : आता तो गोपालचा गोठा. त्याच्या टिनावर काहीच लावलेलं नाई.

वासुदेवराव : त्रेसष्ट.

रजत : झालं? ऐकलं ना वहिनी? ऊन तेच, टाइम तोच. पंचवीस डिग्रीचा फरक आहे. आता हे मी माह्या मनानं सांगून राह्यलो का?

छाया : ऐकलं. वरून अडतीस. आता आत येऊन मारा.

रजत : आतून काय मारायचं?

छाया : आई का टिनावर झोपत होत्या? टिनाखाली झोपत होत्या. तं खालून मारा ना.

वासुदेवराव : रजत, आपण आतून कधी मोजलंच नाही?

रजत : मोजत तं तुमीच होते सर. दर वेळी तुमीच.

वासुदेवराव : हो, मीच. शकुंतलाबाई आत पडलेल्या असायच्या. बाईमाणूस पडलेलं असताना परक्यानं खोलीत शिरायचं आणि त्यांच्या डोक्यावर यंत्र रोखायचं, हे मला बरं दिसेना. अंगणातून सोपं होतं. जमलेल्या लोकांना आकडाही दिसायचा. मी येऊ ना आत, बाई?

छाया : या ना. आता कोन हाय आत?

वासुदेवराव : खाट इथंच होती?

छाया : इथंच. खाट उचलली अन् त्याच जागी पीठ टाकलं. वर ते खिळ्यायची रांग दिसते ना, तिच्या बरोबर खाली डोकं राहे.

वासुदेवराव : सत्तावन्न.

रजत : काय?

वासुदेवराव : सत्तावन्न, रजत. थांब, दाराकडे पाहतो. इथंही सत्तावन्न. भिंतीजवळ अठ्ठावन्न.

रजत : सेल उतरला असन.

वासुदेवराव : आत्ता बाहेर चालला ना तोच सेल.

रजत : मंग आतून टिन गंजलं आहे, त्याच्यानं चुकत असन. आणा इकडे. चुकीचं धरलं तुमी. सत्तावन्न. सर, हे एकच टिन आहे! वहीच्या पुठ्ठ्याएवढं जाड नाई. वरून अडतीस अन् खालून सत्तावन्न, असं होऊच शकत नाई.

वासुदेवराव : होऊ शकत नाही, बरोबर. म्हणजे दोनातला एक आकडा खोटा आहे.

छाया : कोनता खोटा, मी सांगू का?

वासुदेवराव : जरा थांबा बाई. तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण चाळीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो, मोजल्याशिवाय मानू नका. आज मला माझं मलाच तपासू द्या. चुलीवर उकळतं काही आहे?

छाया : चहाचं आंधन हाय. बसाले येनाऱ्यायसाठी मोठा गंज भरून चढवला.

वासुदेवराव : गंज स्टीलचा?

छाया : स्टीलचा. वरून घासेल हाय, बुडाले काजयी हाय.

वासुदेवराव : आणा बरं तो इथं.

छाया : रजतभाऊ, तुमी बसा दिव्यापाशी. असे समोर बसा, हात आडवा धरा. वारा दाराकडून येते.

रजत : असा?

छाया : हो. सहा दिवसायत पयल्यांदाच बसले तुमी इथं.

रजत : मी बाहेरचं पाहात होतो ना. लाकडं, मंडप, भेटाले येणारे लोकं.

छाया : मी काई म्हनलं का? सरका बाजूले, उकयतं पानी हाय. हं, पाहा गुरुजी.

वासुदेवराव : हा वरचा चकचकीत भाग. किती दाखवतं? वाच रजत, तूच वाच.

रजत : एकेचाळीस.

वासुदेवराव : पाणी उकळतंय ना?

छाया : बोट लावून पाहा, फोड येईन.

वासुदेवराव : आता खाली. काजळीवर.

रजत : ब्याण्णव.

वासुदेवराव : एकच गंज, एकच पाणी.

रजत : मले समजलं नाई सर.

वासुदेवराव : समजलं आहे तुला. तरी सांगतो. हे यंत्र कशाला शिवत नाही, वस्तूतून जी आच बाहेर पडते ती लांबून मोजतं. काळं, गंजलेलं, मातीचं, चुन्याचं काहीही असो, त्यातून आच मोकळी बाहेर येते, तिथं आकडा खरा मिळतो. चकचकीत वस्तू आच सोडतच नाही सहजी. ती तापलेलीच असते, पण यंत्राला वाटतं की थंड आहे. तुझं चंदेरी कोटिंग हे या गंजाचं वरचं अंग आहे, रजत. अडतीस खोटे. सत्तावन्न खरे.

रजत : पण गोपालच्या गोठ्याचे त्रेसष्ट?

वासुदेवराव : तेही खरे. गंजलेलं टिन आहे ते. म्हणजे फरक पंचवीसचा नाही, पाच-सहाचा. आणि हे मला माहीत असायला पाहिजे होतं. काळं भांडं लवकर निवतं, चकचकीत उशिरा निवतं. आठवीच्या पुस्तकात आहे. मीच शिकवलं, तुलाही शिकवलं. प्रश्न यायचा परीक्षेला.

रजत : आला होता. दोन मार्कायचा.

वासुदेवराव : पण तू सुरुवातीला दोन डबे आणले होते ना? एक पांढरा होता.

रजत : पांढराच छताचा होता सर. चंदेरी टाक्यायसाठी होता, पाइपासाठी, गंज चढू नाई म्हणून. कंपनीचा माणूस म्हणे, छताले पांढराच लाव. मी म्हणलं, ऐकीव कशाले, मोजून पाहू. दोन टिनाचे तुकडे घेतले, एकाले हा मारला, एकाले तो. दिवसभर उन्हात ठेवले याच अंगणात. दोन वाजता गन मारली तं पांढऱ्यावर चव्वेचाळीस अन् चंदेरीवर सदतीस. मी लय खूश झालो. वाटलं, कंपनीवाल्यालेही जे माहीत नाई ते आपण शोधून काढलं.

वासुदेवराव : पांढऱ्याचे चव्वेचाळीस खरे होते.

रजत : म्हणजे पांढरा लावला असता तं?

वासुदेवराव : मला नको विचारू ते.

रजत : सांगा ना सर. पांढरा लावला असता तं?

वासुदेवराव : खोली बरीच निवली असती. वस्तू वाईट नाही रे. पांढरं कोटिंग ऊन परत फेकतं आणि आचही सोडून देतं. कूलर कमी लागतो, बिल कमी येतं, तू लोकांना सांगायचास ते सगळं त्याच्या बाबतीत खरं आहे. तुझ्या हातात बरोबर डबा होता. आपण दोघांनी मोजून तो बाजूला ठेवला.

छाया : अन् पऱ्हाट्या काढल्या ते?

वासुदेवराव : कुठल्या पऱ्हाट्या?

छाया : आमच्या टिनावर दर साली चैत लागला का पऱ्हाट्या घालत. कापूस निंगला का वावरातून बंडीभर पऱ्हाट्या आनाच्या, टिनावर हातभर थर द्याचा, वरून पोते. सांजच्याले पानी शिपडाचं. आई सोता खाली उभ्या राहून सांगत, इकडं पातय हाय, तिकडं दाट घाल. या साली रजतभाऊनं काढून टाकल्या. म्हने कोटिंगवर कचरा नाई पायजे.

रजत : चमक जाते म्हणून. लोकायले दिसाले पायजे म्हणून. नमुन्याचं घर होतं ना हे.

छाया : एक काडी ठेवली नाई. झाडून पुसून घेतलं टिन.

रजत : पण माय तं थंड वाटते म्हणे! सर, तुमी होते ना? आंजीचे ते दोघं गिऱ्हाईक आले, केळझरचे आले, साऱ्यायसमोर म्हणे, "लय थंडगार वाटते बाप्पा, दुपारची झोप लागते आता." मी काही तिले शिकवलं नोतं. गन चुकली असन, मान्य. मी चुकलो, सर चुकले. माय कशी चुकन? अंग तिचं होतं ना?

वासुदेवराव : हो, मीही ऐकलं आहे ते. खरं सांगू, त्या थंड म्हणाल्या म्हणून माझाही आकड्यावर विश्वास बसला.

छाया : लोकं गेले का मले बोलावत.

रजत : काऊन बोलावत होती?

छाया : "छाया, ओलं फडकं दे माय. जीव घाबरा होऊन राह्यला." मी फडकं दिलं. दुसऱ्या दिवशी अजून. तिसऱ्या दिवशी कावली मी. म्हनलं, मशीन सांगते थंड हाय, गुरुजी सांगतात थंड हाय, तुमीच मानसायले सांगता थंड हाय, अन् मलेच कशा गरम होते म्हनता? कूलर पायजे म्हनून नाटकं हायत का हे?

वासुदेवराव : कूलर कुठं होता?

छाया : समोरच्या खोलीत नेलता. म्यानंच नेला. इथं लागत नाई आता, मशीननं सांगतलं ना? म्हनलं पोरगी दहावीले गेली, तिच्या अभ्यासाले होईन. वायर गुंडायाले आईनंच मदत केली.

रजत : मले नाई सांगतलं तुमी.

छाया : मी कायचं सांगू? मले वाटे, म्हाताऱ्या मानसाची कुरकुर हाय. उनाया लागला का सारेच कुरकुरतात. तुमी एवढ्या उमेदीनं धंदा टाकलता. घरातूनच कोनी नाट लावाव का?

वासुदेवराव : असं वाटणारच बाई. स्वतःला एवढं...

छाया : थांबा गुरुजी, बोलू द्या मले. सहा दिवस झाले, येते त्या बाईले अर्धंच सांगून राह्यली मी. खोली तापते, एवढंच सांगतो. पुढचं तोंडातून निंगत नाई. त्या दिवशी दुपारी बारा वाजता आई उठून अंगनात गेल्या. निंबाखाली पोतं टाकून बसल्या. चांगल्या बसल्या होत्या. वारा होता थोडा. मले म्हने, "आज इथंच पडतो मी."

रजत : नका सांगू वहिनी.

छाया : रजतभाऊचा फोन आला, रोहण्याचे लोकं येऊन राह्यले घर पाहाले. मी बाहेर जाऊन म्हनलं, आई, आत चला. थंड खोलीवाली बाईच निंबाखाली बसली दिसन, तं लोकं काय म्हनतीन? रजतभाऊची काय राहीन? आई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन उठल्या अन् मलेच म्हने, "हो, हो, बरोबर हाय तुहं. पोराचं नुसकान नाई झालं पायजे." पोतं पन सोताच उचललं. मी दार लोटलं.

रजत : म्याच सांगतलं होतं तुमाले. गिऱ्हाईक याच्या टायमाले माय आतच पायजे. म्याच म्हणलं होतं ते.

छाया : ते रोहण्याचे लोकं आलेच नाई.

रजत : त्यायची गाडी पंक्चर झाली.

वासुदेवराव : किती वाजता पाहिलं मग तुम्ही?

छाया : चारले चहा घेऊन गेली. अंग कोरडं ठनठन, घामाचा टिपूस नाई, अन् तव्यावानी तापेल. डोये अर्धे उघडे. डॉक्टर म्हने वय झालं होतं. मी पन साऱ्यायले तेच म्हनलं, वय झालं होतं. अन् मंग या दिव्यापाशी बसली तं समजलं, वय नोतं झालं. मी दोन तासातच घामाघूम होतो, अन् उठून बाहेर जाता येते मले. त्यायले आमी आत बसवलं होतं.

रजत : वहिनी.

छाया : हात आडवा धरा. ज्योत हालून राह्यली.

रजत : धरला. ज्योत नीट दिसून नाई राह्यली मले.

वासुदेवराव : रजत, माझ्याकडं पाहा. रडून घे, पण ऐकतही जा. वीस घरं म्हणालास ना. त्यांतल्या किती जणांनी टिनावरचं काढलं?

रजत : साऱ्यायनं. मी काढाले लावलं. पऱ्हाट्या, तुराट्या, सिंधीचे झापे, जे असन ते. कोणी तं काढून जाळूनही टाकलं.

वासुदेवराव : आणि चंदेरीच लावलं सगळीकडे?

रजत : पांढरं कोणी मागितलंच नाई. मी दोन्ही दाखवत होतो, गन मारून. लोकं आकडा पाहत अन् चंदेरी म्हणत.

वासुदेवराव : आता पावणेदोन वाजले. या घडीला त्या टिनांखाली कोण कोण पडलं असेल?

रजत : जे वावरात जात नाई ते. बुढे लोकं. गोपालची आजी. लहान लेकरं. सर, पण मी आता कसा जाऊ? सुतक आहे मले. दहावा झाल्याबिगर कोणाच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकता येत नाई. चार दिवस जाऊ द्या. तोवर मी कंपनीशी बोलतो, वरून पांढरा मारून देऊ साऱ्यायले, कोणाले कळनही नाई...

छाया : सुतक तुमाले हाय. उनाले नाई.

रजत : असं नाई म्हणून राह्यलो वहिनी. पण काय तोंडानं सांगू? लोकं म्हणतीन, मायले मारलं अन् आता आमच्या घरी आला.

छाया : म्हनतीन. मले पन म्हनतीन.

वासुदेवराव : मी जातो पंचायतीत. भोंग्यावरून सांगतो.

रजत : काय सांगसान?

वासुदेवराव : वासुदेव मास्तरनं वाचलेले आकडे चुकीचे होते. चंदेरी टिनाखाली दुपारी कोणी थांबू नका, लेकरं आणि म्हातारी माणसं झाडाखाली, देवळात, शाळेच्या व्हरांड्यात आणून बसवा. आणि सूर्य कलला की टिनावर पऱ्हाट्या चढवा.

रजत : सर, तुमचं नाव खराब होईन. कंपनीचं सांगा, माहं सांगा.

वासुदेवराव : तुझं नाव सांगून कोण दुपारचं घराबाहेर निघेल? लोकांनी कोटिंग तुझ्यामुळं नाही लावलं, बाळा. मास्तर आकडा वाचतात म्हणून लावलं. मला आवडायचंही ते. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडं कोणी काही विचारायला येत नव्हतं. तू यंत्र घेऊन आलास, अंगणात माणसं जमायला लागली, मी ओट्यावर उभा राहून आकडा सांगायचो आणि लोक वा म्हणायचे. एकदा तरी आत डोकावायला काय जात होतं माझं? बरं नाही दिसत म्हणे. जातो मी. माझी चप्पल कुठं राहिली?

छाया : ओट्यापाशी हाय. तापली असन, पानी टाकून घाला.

रजत : सर, कमलाबाई!

वासुदेवराव : कोण, शेवटच्या घरची?

रजत : एकटीच राहते ते. तिले भोंगा ऐकू जात नाई. जवळ बसून बोललं तं ऐकते. पंधरा दिवस झाले तिच्या टिनाले. तिनं तं लावूनच घेतलं मायच्या शब्दावर. माय म्हणे, "कमला, लाव तू पण, माह्या रजतचं आहे."

वासुदेवराव : मग तू तिथं जा. मी भोंग्याकडं जातो. ऊठ.

रजत : दिवा?

छाया : मी हाय ना दिव्याले. सरका.

वासुदेवराव : येतो मी, बाई.

छाया : येतो नका म्हनू गुरुजी, सुतकाच्या घरून जाताना असं म्हनत नाई. नुसतेच जा.

रजत : वहिनी, मायनं मले काऊन नाई सांगतलं? एका शब्दानं सांगतलं असतं तं मी सारं खरवडून काढलं असतं. गेला असता धंदा तं गेला असता. तिले वाटलं का, मी ऐकलं नसतं?

छाया : तुमी आईले एकलीले कवा इचारलं?

रजत : रोज इचारत होतो.

छाया : रोज चार मानसायसमोर इचारत होते. खांद्यावर हात ठेवून. "सांग माय यायले, कसं वाटते?" मंग माय काय सांगन?

रजत : हो.

छाया : जा आता. टोपी घाला डोक्यात. अन् कमलाबाईले उंबऱ्यातून इचारून वापस नका येऊ. आत जा, तिच्या खाटीपाशी बसा थोडे. बुड्या बाया पयल्यांदा बरंच हाय म्हनतात.